विलायती शाहीर आणि आमचे मामा

हातखंब्याला कुणी मुद्दाम येत नाही. मुंबई-गोवा हमरस्त्यावरून रत्नागिरीचा फाटा इथे फुटतो म्हणून माणसं इथे उतरतात, चहा पितात, 'गाडी पाठी आहे, आता येईलच' असं एकमेकांना सांगत तासभर उभी राहतात आणि मिळेल त्या वाहनात शिरून निघून जातात. राहतो तो फक्त आवाज. चिऱ्याचे ट्रक, उतारावर कण्हणारे ब्रेक, रात्री दोन वाजता उगाचच वाजवलेला एअर हॉर्न. अशा तिठ्यावर ज्याचं बालपण गेलं त्याला हेवी मेटलची भीती वाटत नाही. उलट पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी एवढ्या सगळ्याला चाल लावली.

ऐकलं ते शेजारच्या घरात. शेजारचा दादा शिपवर होता. वर्षातून एकदा घरी यायचा तो सेंट, चॉकलेटं आणि दोन कॅसेटांचा टेपरेकॉर्डर घेऊन. त्याने मला टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर आयर्न मेडन या इंग्रजी बँडचा 'पॉवरस्लेव्ह' हा १९८४ चा अल्बम भरून दिला. दुसरी बाजू कोरी होती. कोकणात कोरी बाजू कोरी राहत नाही. त्या वर्षी गणपतीत वाडीवर शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरी पार्ट्यांचा, सामना झाला, आणि आमच्या मामांनी माझ्याच हातून तुरेवाल्यांची बारी त्या बाजूवर भरून घेतली. ढोलकीवर स्वतः मामा.

म्हणजे अशी वाटणी झाली: अ बाजूला आयर्न मेडन, ब बाजूला आमचे मामा. मामांना आपली ढोलकी ऐकायची हुक्की आली की कॅसेट हमखास उलटी लागायची आणि पहिला फटका विलायतेचा बसायचा. होता होता मामांनी ती सगळी बाजू कितीदा तरी ऐकली. आणि त्यांचं मत पक्कं झालं, की ही माणसं वाजवायला बरी आहेत, पण भित्री आहेत. गाणं अर्धं टाकून पळतात.

यात मामांची चूक नव्हती. अल्बम एक्कावन्न मिनिटांचा, कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं, कोलरिजच्या १७९८ च्या 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या दीर्घ कवितेवर बेतलेलं. म्हातारा खलाशी, भर समुद्रात अडकलेलं जहाज, वारा पडलेला, माणसं तहानलेली, मग पटापट मेलेली. वाद्यं थांबतात, नुसतं लाकूड करकरतं, कुणीतरी खालच्या आवाजात बोलतं. मग हळूहळू सुरावट पुन्हा उभी राहू लागते आणि तिथेच, खट्. टेप संपली. मी पुढे पुण्याला नोकरीला लागल्यावर सीडी आणून ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मामांनी नाही ऐकलं. त्यांच्या लेखी ते जहाज अजून तिथेच उभं होतं. शक्ती-तुऱ्यात बारी अर्धी टाकून उठणं म्हणजे हरणं. समोरची पार्टी वीस वर्षं हरलेली आहे, हे मामा गावात कुणालाही सांगत.

तर हीच हरलेली पार्टी १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर येणार असं छापून आलं. आदल्या वर्षी, मार्च २००७ मध्ये, ते बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेले होते. तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. आता तर त्यांच्या जागतिक दौऱ्याचा नारळच मुंबईत फुटणार होता, आणि तोही जुन्या, ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा. मी आणि रत्नागिरीचा एक मित्र, अशी दोन तिकिटं काढली. मी चार दिवस आधी रजा टाकून घरी आलो, म्हणजे दोघांनी मिळून निघावं. तर ऐनवेळी मळभ आलं. मोहर ऐन भरात असताना मळभ येणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कलमं आहेत त्यालाच कळतं. मित्र फोनवर एवढंच म्हणाला, "तुडतुडा पडलाय. फवारणी काढावी लागेल." पुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच. हापूस आणि आयर्न मेडन यांत रत्नागिरीचा माणूस काय निवडणार?

"तिकीट फुकट जाणार?" मामांनी विचारलं.

"जाणार."

"कोण आहेत म्हणालास?"

"कॅसेटवाले. तुमच्या पाठच्या बाजूचे."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बघू तरी एकदा, गाणं पुरं करतात की नाय ते."

मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्याकडे होता आणि तो असल्याचं बोलण्यात दर दहा मिनिटांनी यायचं. खाजगी आराम बसमध्ये ते मेल्याशिवाय चढणार नव्हते, आणि चढले असते तर मेलेच असते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ३१ जानेवारीच्या रात्री आम्ही तिठ्यावर रातराणीला हात केला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. कंडक्टर ओळखीचा निघाला. मामा केबिनमध्ये बॉनेटशेजारी जाऊन बसले ते मुंबईपर्यंत उठले नाहीत. मला त्यांच्या मागची सीट मिळाली.

त्या काळी हा रस्ता म्हणजे दुपदरी अरुंद पट्टा होता. निवळी, बावनदी, संगमेश्वर, आरवली, सावर्डे, चिपळूण. मग परशुराम घाट, भोस्ते घाट, कशेडी घाट. प्रत्येक वळणाला मामांची एकेक आठवण होती आणि ती वळणाच्या आधी सुरू होऊन पुढच्या वळणानंतर संपायची. (पुढे २०११ मध्ये चौपदरीकरणाचं काम सुरू झालं. त्यानंतर मेडनने दोन अल्बम काढले, दोन्ही डबल. रस्त्याचं काम चालूच राहिलं.) पण त्या रात्री मला केबिनमध्ये बोलवून घेऊन मामांनी विषय काढला तो वेगळाच. येणारी पार्टी कशी आहे, किती माणसं, कोण काय करतो, हे त्यांना सामन्याआधी माहीत हवं होतं. तुरेवाल्यांची ती रीतच आहे.

मी सांगितलं, मालकाचं नाव स्टीव्ह हॅरिस. १९७५ च्या नाताळात लंडनच्या पूर्व भागात, लेटनला, त्याने पार्टी उभी केली. बेस वाजवतो, बरीचशी गाणी स्वतः रचतो. गायक ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये आला, १९९३ मध्ये सोडून गेला, १९९९ मध्ये परत आला.

"रुसला असेल," ड्रायव्हर समोर बघत म्हणाला.

"आणि तो गायक विमान चालवतो," मी म्हणालो.

केबिनमध्ये एकदम शांतता झाली. मी सविस्तर सांगितलं. या दौऱ्यासाठी त्यांनी एक बोइंग ७५७ घेतलंय. मागच्या सीटा काढून तिथे बारा टन सामान भरलंय. पुढे सगळी पार्टी आणि कामगार बसलेत. विमानाचं नाव 'एड फोर्स वन'. शेपटीवर त्यांच्या भुताचं चित्र. आणि वैमानिक म्हणून गायक स्वतः. एका विमान कंपनीत त्याची रीतसर नोकरी आहे.

माणसं आणि सामान एकाच गाडीत, यात त्या दोघांना काहीच नवल वाटलं नाही. कोकणातल्या नमनाच्या खेळाची मंडळीही पेटाऱ्यांसकट एकाच गाडीने फिरतात. अडचण दुसरीच होती.

"म्हणजे ह्यो रात्री गाणार, आणि सकाळी गाडी काढणार?" मामांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"मग रेस्ट कधी?"

"ते मला..."

"डबल ड्यूटी झाली ही," ड्रायव्हर म्हणाला. "युनियन काय करते?"

"ओव्हरटाइम कुणाच्या खात्यात टाकतात? गाण्याच्या की गाडीच्या?" कंडक्टरने मागून विचारलं. तो झोपलाय असं मला वाटत होतं.

चिपळूण येईपर्यंत त्या तिघांनी ब्रूस डिकिन्सनच्या ड्यूटीचा तक्ता लावायचा प्रयत्न केला. तो लागेना. पुढे २००९ मध्ये त्या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' नावाचा चित्रपट निघाला, त्यात आकडे मिळाले: पंचेचाळीस दिवस, तेवीस कार्यक्रम, सुमारे ऐंशी हजार किलोमीटर. मी ते मामांना सांगितले तेव्हा त्यांनी दिवसाला तीनशे किलोमीटर धरून हिशेब केला आणि म्हणाले, "आमची वर्षाची ड्यूटी, सुट्ट्या धरून." त्यानंतर त्यांच्या बोलण्यात डिकिन्सनविषयी 'तो ड्रायव्हर' असाच उल्लेख यायला लागला. मामांच्या तोंडी याहून मोठी पदवी नाही.

कशेडीत मी त्यांना अर्ध्या राहिलेल्या गाण्याची गोष्टही सांगितली, पण अर्धीच. म्हातारा खलाशी लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याला दारात धरतो आणि आपली कहाणी ऐकवतो. त्याने जहाजामागून येणारा एक मोठा पांढरा पक्षी, अल्बट्रॉस, विनाकारण बाण मारून पाडला होता. म्हणून वारा पडला.

"पडणारच," मामा म्हणाले. "आणि तो पाहुणा थांबला ऐकत?"

"थांबला."

"लग्न?"

"चुकलं."

"मूर्ख," मामा म्हणाले, आणि ड्रायव्हरला पुढच्या वळणाची सूचना केली.

कुर्ल्याला मावसबहिणीकडे अंघोळ-जेवण करून, दुपारची झोप काढून आम्ही चालतच निघालो. इथे मामांच्या पोशाखाविषयी सांगितलं पाहिजे. निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली तरी मामांच्या खाकी पँटी संपल्या नव्हत्या, आणि चांगलं कापड संपेपर्यंत वापरायचं हा आमच्याकडचा नियम. खाकी पँट, पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, मिशा. भोवती हजारो पोरं काळ्या टी-शर्टात. आम्ही जिथून जाऊ तिथे सिगारेटी पटापट विझत. एका पोराने तर "सॉरी साहेब" म्हणून हातातली बाटली झुडपात टाकली. मामांनी मान डोलावली. सवय होती त्यांना सलामांची.

"संक्रांत होऊन पंधरवडा झाला," ते मला म्हणाले. "अजून काळे घालून?"

"रथसप्तमीपर्यंत चालतं."

"ते बायकांचं, हळदीकुंकवाचं."

एका टी-शर्टवर काटेरी, वेड्यावाकड्या अक्षरांत काहीतरी होतं. मामांनी पोराला थांबवून विचारलं, काय लिहिलंय? पोरगं नम्रपणे म्हणालं, "भयानक मौत. बँड आहे काका, मुंबईचाच." मामांनी अख्खी नोकरी ट्रकांच्या पाठी वाचण्यात घालवली होती. "एवढं स्पष्ट कुणी ट्रकमागे पण लिहीत नाय," ते म्हणाले.

फाटकावर झडती होती. पोरांचे खिळ्यांचे पट्टे, साखळ्या, खिशातली नाणी काढून घेत होते आणि बाजूला टाकत होते. आमची पाळी आली. मामांच्या चंचीतून पान, तंबाखू, चुन्याची डबी, आणि शेवटी अडकित्ता निघाला. सुरक्षारक्षकाने तो उघडून-मिटून पाहिला. त्या दिवशी फाटकावर जमा झालेलं सर्वांत धारदार हत्यार हेवी मेटलच्या एकाही भक्ताकडे सापडलं नव्हतं, ते हातखंब्याच्या साठी उलटलेल्या माणसाकडे सापडलं. खिळ्यांच्या पट्ट्यांच्या ढिगावर तो पितळी अडकित्ता टाकला गेला तेव्हा मागच्या पोरांनी मामांकडे आदराने पाहिलं.

आत मैदान भरत होतं. मामांनी आधी रंगमंच नजरेने मोजला, मग ढोलांची उतरंड शोधली. "तो बसणार कुठे? एवढ्या ढोलांत दिसणार कसा?" मी सांगितलं, निको मॅकब्रेन त्याचं नाव, पंचावन्न वर्षांचा आहे आणि अनवाणी वाजवतो.

"अनवाणी?"

"पायात काही घालत नाही."

मामा काही बोलले नाहीत. खाली वाकले, कोल्हापुरी काढल्या आणि शेजारी नीट जोडून ठेवल्या. वाजवणाऱ्याचा मान म्हणून. मी 'मामा, इथे नको' म्हणेपर्यंत दिवे गेले आणि तीसेक पोरं त्या चपलांवरून पुढे धावली.

अंधारात आधी भाषण सुरू झालं. घोगरा, जाडा, इंग्रजी आवाज.

"हे कोण?"

"चर्चिल."

"हा इथं पण?"

विमानांची लढाई, १९४०, वगैरे मी सांगायला लागलो होतो, पण तेवढ्यात उजेड फुटला आणि 'एसेस हाय' सुरू झालं. 'फ्लाइट ६६६' मध्ये हे गाणं आहे ते मुंबईचंच. त्या गर्दीच्या दृश्यात मी दर वेळी एक पांढरा शर्ट शोधतो. मामांनी माझा दंड घट्ट पकडला. "पहिलं!" ते ओरडले. "कॅसेटवरचं पहिलं!" ते संपतं न संपतं तोच 'टू मिनिट्स टु मिडनाइट'. "दुसरं! तसंच!" वीस वर्षं ऐकलेला क्रम जसाच्या तसा समोर उलगडत होता आणि मामा हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखे खुशीत होते. तिसरं गाणं मात्र 'रेव्हलेशन्स' निघालं. मामांचा चेहरा पडला. "इथं बिनशब्दाचं होतं ना?" होतं. 'पॉवरस्लेव्ह'वर तिसरी नुसती वाद्यांची रचना आहे. जमलेल्या हजारो पंडितांत ही चूक मामांइतक्या दुःखाने कुणी पकडली असेल असं मला वाटत नाही.

मग ते बघायला लागले. ढोलकीवाला बघतो तसं, गाण्याकडे दुर्लक्ष करून माणसांकडे. मालक कोण ते मी दाखवायच्या आधीच त्यांनी ओळखलं. "तो, एक पाय पेटीवर ठेवून उभा आहे ना, तो. गायकाचं तोंड हलतं तसं त्याचं पण हलतंय बघ. दुसऱ्याचे शब्द ज्याला पाठ, तो मालक." स्टीव्ह हॅरिस खरोखरच प्रत्येक ओळ तोंडाने म्हणत होता, मी इतकी वर्षं त्याचे फोटो पाहिले होते, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

तीन गिटारवाल्यांचं मात्र त्यांना कोडं पडलं. मी सांगितलं, खरं तर दोनच होते. त्यातला एड्रियन स्मिथ १९९० मध्ये सोडून गेला. त्याच्या जागी यानिक गर्स आला. १९९९ मध्ये स्मिथ परत आला, पण गर्सला काढलं नाही.

"म्हणजे बदली कामगार कायम झाला," मामा म्हणाले.

गर्स त्या वेळी गिटार डोक्याभोवती फिरवत, एक तंगडी रंगमंचाच्या कडेला टाकून नाचत होता. स्मिथ शेजारी शांतपणे, न हलता, अवघड तेवढं वाजवत होता. मामांनी दोघांना बराच वेळ न्याहाळलं. "बरोबर. बदलीवाल्याला काम दिसावं लागतं. कायमवाल्याचं दिसलं नाय तरी चालतं." आयर्न मेडनवर जगभर पुष्कळ समीक्षा झाली आहे. तीन गिटारींच्या प्रश्नावर याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

'द ट्रूपर'ला डिकिन्सन लाल लष्करी कोट घालून, भलामोठा युनियन जॅक फडकावत आला. १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईचं गाणं, गोऱ्या घोडेस्वारांच्या नाशाचं. झेंडा त्यात शोकाचाच म्हणायचा. पण इतकं सांगायला वेळ नव्हता. मामा रत्नागिरीचे. टिळकांचा जन्म तिथला, थिबा राजाला इंग्रजांनी आणून डांबलं ते तिथेच. त्यांनी छाती भरून आरोळी ठोकली: "लोकमान्य टिळक महाराज की..." आणि भोवतालची काळी पोरं, जी मघापासून कशालाही ओरडतच होती, एका सुरात गरजली, "जय!" पुन्हा एकदा. आणखी एकदा. डिकिन्सनने समाधानाने झेंडा आणखी जोरात हलवला.

आमच्या डाव्या हाताला पोरांनी गोल केला होता आणि त्यात ती एकमेकांवर आदळत होती. शक्ती-तुऱ्यातला जाखडीचा फेर बघण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सहन होईना. मामा थेट आत गेले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मामा गोलाच्या मधोमध उभे होते, शाहिराच्या जागेवर, आणि हातवारे करून पोरांना सांगत होते: एका दिशेने. एका दिशेने फिरा. उजवा पाय आपटा. खाकी पँट असल्यामुळे असेल, पोरांनी ऐकलं. निदान दोन कडवी तरी वांद्रे-कुर्ला संकुलात 'द नंबर ऑफ द बीस्ट'वर बरा म्हणावा असा फेर झाला. चाळ नव्हते, तेवढीच उणीव.

आणि मग ते गाणं आलं. जुनं, लांबलचक, ऐंशीच्या दशकानंतर त्यांनी रंगमंचावर काढलंच नव्हतं असं. ते पुन्हा वाजलं ते आधी मुंबईत. पहिल्याच घोडदौडीला मामांनी ओळखलं. "हेच." त्यांनी हाताची घडी घातली. समोरच्या पार्टीची परीक्षा घेणाऱ्या माणसाची उभी राहण्याची पद्धत आहे ती. डिकिन्सन फाटक्या झग्यात पुढे-मागे फिरत कहाणी सांगत होता. पक्षी मेला. वारा पडला. वाद्यं एकेक करून थांबली, दिवे निळे झाले, धूर पसरला, लाकूड करकरायला लागलं. पुढे बेसचे चार सूर. हळूहळू सुरावट जमायला लागली. मामा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले:

"आता खट् होणार."

आणि खट् झालं नाही. अनवाण्या माणसाने ढोलांवरून एक लांब गडगडाट खाली आणला, गायकाने अशी काही आरोळी सोडली की ती थांबते की नाही असं वाटावं, आणि जहाज हललं. मी मामांकडे बघत होतो. त्यांच्या हाताची घडी सुटली होती आणि दहाही बोटं खाकी पँटीवर वाजत होती. त्यांना ठेका अनोळखी होता. त्या अर्ध्या गाण्यात ते कधी पोहोचलेच नव्हते. तरी बोटं कुठे चुकत नव्हती. पुढची पाच-सहा मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "पुरं केलं." आणि थोड्या वेळाने, "टेपच आखूड होती रे."

त्यानंतर ते समोरच्या पार्टीचे राहिले नाहीत. 'फिअर ऑफ द डार्क'ला सगळं मैदान शब्दांशिवाय नुसतं ओ-ओ गायलं तेव्हा तेही गायले; शब्द नसलेलं इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. शेवटाला एडी आला. एडी म्हणजे त्यांचं भूत, माणसाच्या दीडपट उंच, विक्राळ तोंडाचं, डुलत डुलत चालणारं. "संकासूर!" मामा आनंदाने ओरडले. नमनात संकासूर येतो तशीच चाल, वाजवणाऱ्यांच्या अंगावर जायची तशीच खोड. आमचा संकासूर लांब टोपी घालतो, त्यांच्याकडे टोपी नव्हती. मामांनी तेवढं सोडून दिलं.

दहाच्या सुमारास दिवे लागले. शहरात उघड्यावर दहानंतर भोंगा चालत नाही. याच आवाजापायी धोबी तलावच्या रंगभवनातली रॉकची मैफलही बंद पडली होती. मामांना हे पटेना. "दहाला संपलं? आमच्याकडे दहापर्यंत गण पण होत नाय." सामना म्हणजे पहाट व्हायला हवी, गौळण, सवाल-जवाब, सगळं. ते दोन मिनिटं तिथेच उभे राहिले, न जाणो, चहा पिऊन परत येतील म्हणून. मग चपला शोधल्या. मैदानभर एकेकट्या चपला, बूट, पट्टे पडले होते. कोल्हापुरी मात्र नव्हत्या. फाटकावर अडकित्ताही कुणी उचलला होता. फुकटचं तिकीट मामांना असं पडलं. ते कुर्ल्यापर्यंत अनवाणी चालत आले आणि वाटेत एकदाही कुरकुरले नाहीत.

(निको मॅकब्रेन डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाला, बहात्तराव्या वर्षी. मी मामांना फोन करून कळवलं. "आम्हाला अठ्ठावन्नला घरी बसवलं," ते म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, "पाय बरे आहेत ना त्याचे?")

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही परत निघालो. मामांच्या पायात मावसबहिणीच्या मुलीच्या गुलाबी स्लिपर होत्या, पुढे फूल असलेल्या. मुंबईच्या बाहेर पडेपर्यंत त्यांची शेजारच्या बाईंना मेडनची सगळी हकिगत सांगून झाली होती. पनवेलला त्या उतरल्या, मला वाटतं त्यांना पेणला जायचं होतं. वडखळ नाक्याला गाडी चहाला थांबली. मामा खाली उतरले आणि अलिबागच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एका गृहस्थांशेजारी जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, सारखं घड्याळाकडे लक्ष.

"कुठे, अलिबाग?"

"हो. भाच्याचं लग्न आहे."

"पौषात?"

"रजिस्टर आहे. घरी कुणाला पसंत नाही, महिनाभरापूर्वी नोटीस दिली पोरांनी. तीन साक्षीदार लागतात. मी तिसरा."

"बरोबर आहे, मामानेच उभं राहायचं असतं," मामा म्हणाले. "आम्ही पण काल भाच्यासाठीच आलो होतो. तो ड्रायव्हर, बरं का, रात्री गातो आणि सकाळी विमान काढतो..."

गृहस्थ आधी हसले. मग म्हणाले, "विमान?" मामांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बारा टन सामान सांगून झालं, बदली कामगार सांगून झाला, टिळक महाराज सांगून झाले. आमचा ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात घेऊन येऊन उभा राहिला, त्याच्या मागे आमचा कंडक्टर. गृहस्थांच्या खिशातला फोन वाजला, थांबला, परत वाजला. अलिबागची गाडी आली. लोक चढले. मामा तेव्हा वारा पडलेल्या समुद्रावर होते, आणि गुलाबी स्लिपरने जमिनीवर लाकूड कसं करकरलं ते करून दाखवत होते.

डबल बेल झाली. मी पुढे होऊन म्हणालो, "अहो, तुमची गाडी."

गृहस्थांनी गाडीकडे पाहिलं. ती वळून अलिबाग रस्त्याला लागली होती. त्यांनी फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली आणि मामांना विचारलं, "पण त्या पक्ष्याचं पुढे काय झालं?"

"बसा," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "दोन चहा सांग रे. आणि कंडक्टरला एक."